तुम्हाला लागली असेल तर

रुसापेच्या वाटेवर झाडं तांबडी झालेली.
वहीत पहिली ओळ लिहिली : इथे पानगळ सुरू आहे.
कंडक्टरनं (त्याचं नाव नोमॅटर,
आईबापांनी खरंच हेच ठेवलेलं)
विचारलं, काय लिहितेस,
आणि ऐकून इतका हसला
की मागच्या सीटखालची कोंबडी फडफडली.
पानगळ नव्हे, पालवी.
म्सासाला कोवळी पानं येतात तीच अशी,
मग उन्हात उभी राहून हिरवी होतात.
पहिल्याच ओळीवर काट.
सुटे नव्हते त्याच्याकडे. फाटक्या डॉलरवर
दोन गोळ्या आणि एक च्युइंगम परत मिळालं.

ज्यांच्याकडे राहायचं त्या माई मुनाशे.
म्हणजे मुनाशेची आई. स्वतःचं नाव विचारलं
तर म्हणाल्या, ते कागदांत असतं.
'माई' म्हणायला जीभ वळवावी लागली नाही.
हा एकच शब्द माझ्याबरोबर विमानातून आला,
आणि बघते तर इथे आधीपासून राहतोय.

सकाळी त्या विचारतात, झोप लागली का?
याचं उत्तर नुसतं 'हो' नसतं. मुनाशेनं शिकवलं :
लागली, तुम्हाला लागली असेल तर.
वाटलं, रीत असेल.
आपण नाही का जाताना 'येते' म्हणत.
पाठ केलं. तोंडात ब्रश असतानाही म्हणू लागले.

शनिवारी बाजारात वाळवलेली बारीक मासळी दिसली, कापेंटा.
वास सुकटीच्या जवळचा. अर्धा किलो घेतली, भेट म्हणून.
माईंनी गुडघे वाकवले, ओंजळ वाजवली.
टाळी नव्हे ती, आतून पोकळ,
रिकाम्या मडक्यासारखी वाजते.
संध्याकाळी पुडी कुंपणावरून शेजारी गेली.
मी पाहिलं. बोलले नाही.
सादझाचा घास, मक्याची ती पांढरी घट्ट उकड,
बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

मुनाशेनंच विषय काढला. तुमचा मुटुपो काय?
म्हणजे कूळ कशाचं? सिंहाचं, माकडाचं?
आमचं झिवा. डोह.
डोहाची माणसं मासा खात नाहीत,
आणि डोहाची पोर डोहात देत नाहीत.
अरे, देवक! मी ओरडलेच.
बरं, मग तुझं?
बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
फॉर्मवर बाकी सगळं विचारतात.
बाबा म्हणाले, आत्याला विचार.
वेणूआत्याचा निरोप मोबाइलवर रात्री वाजला :
'पाणकणीस. आफ्रिकेत कशाला हवंय ते?
लग्नात लागतं. कुणी भेटलाय का?'

घरामागे दलदल आहे. तिथली माती
पिशव्यांत भरायला मी इथवर आलेय.
पहाटे माई मला काठापर्यंत घेऊन गेल्या,
पाण्यात उभी तपकिरी कणसं दाखवली. हे?
हेच.
मग हे आमच्याच डोहात उभं आहे की,
आणि मुनाशेकडे वळून : संपलं. ही तुझी बहीण.
तो हसला. मीही हसले,
जरा उशिरा.

काल रात्री दोनला वीज आली, चार दिवसांनी.
वस्तीभर दिवे, पंपाची घरघर,
भिंतीच्या फटीतून इस्त्रीचा ऊबदार वास.
मी कूस बदलली.
सकाळी दोरीवर मुनाशेचे शाळेत शिकवायला जायचे पाच शर्ट,
आणि त्यांच्या शेवटी माझा कुडता,
ज्याला मी आल्यापासून इस्त्री दाखवली नव्हती.
पिंपं काठोकाठ भरलेली. माईंचे डोळे तांबडे.

झोप लागली का?

वाक्य तयार होतं तोंडात.
लागली, म्हणाले,
आणि पुढचा 'तर' काही केल्या बाहेर येईना.
माईंनी चहात चार चमचे साखर घातली
आणि कप दोन्ही हातांनी पुढे केला.